मरणाऱ्या गावाला पाच युरो तिकीट : चिविता दि बान्योरेजो

विभाग: भटकंती

पायवाट (धागाकर्ता)

इटलीला येणाऱ्या आपल्या मंडळींचा मार्ग ठरलेला असतो. रोम, फ्लोरेन्स, पिसाच्या मनोऱ्याला हात टेकवल्याचा फोटो, व्हेनिस आणि तिथून थेट स्वित्झर्लंड. चिविता दि बान्योरेजो त्यात बसत नाही. मी नोकरीमुळे रोममध्ये असतो. तिथून उत्तरेला साधारण १२० किलोमीटरवर हे गाव आहे, त्यामुळे कोणी पाहुणे आले की चक्कर होते. इथे शोधलं तर या गावावर एकही धागा दिसला नाही, म्हणून लिहायला बसलो.

गाव एट्रस्कन लोकांनी वसवलेलं, अडीच हजार वर्षांपूर्वी. रोमनांच्या आधी मध्य इटलीत ज्यांचा जम होता ते हे लोक. तायबरच्या खोऱ्यातून बोल्सेना सरोवराकडे जाणारी जुनी वाट इथून जायची. सपाट माथ्याची टेकडी, सगळीकडून खोल दऱ्या, त्यामुळे राखायला सोपी. जागा निवडणाऱ्याला त्या काळी कोणी नावं ठेवली नसती. आता त्याच दऱ्या गावाला बाजूंनी खात चालल्यात. दक्षिणेकडून रिओ तोर्बिदो, उत्तरेकडून रिओ क्यारो, असे दोन ओढे पायथा कापत असतात.

समोरच्या बान्योरेजो गावातून बघितलं की सगळं ध्यानात येतं. खाली करड्या-पांढऱ्या चिकणमातीच्या धारदार कडांचं रान, वर पिवळसर दगडाचा उभा कडा आणि कड्याच्या अगदी काठाला टेकलेली घरं. काही घरांच्या भिंती कड्याशी इतक्या सलग आहेत की दगड कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. जायला एकच रस्ता: सुमारे ३०० मीटर लांबीचा, शेवटी चांगलाच चढा होणारा काँक्रीटचा पादचारी पूल, १९६५ साली झालेला. आधीचा पूल दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला होता. त्याच्या कितीतरी आधी इथे पुलाची गरजच नव्हती. दोन्ही गावं जमिनीच्या एका अरुंद पट्ट्याने जोडलेली होती. तो पट्टा झिजत झिजत तिथे दरी झाली.

पूल संपला की सांता मारिया दरवाजा. दगडातच खोदलेली ही वाट एट्रस्कनांच्या काळापासूनची. दरवाजावर दोन सिंह आहेत, पंजात माणसांची मुंडकी धरलेले. आत गेल्यावर लगेच एका जुन्या वाड्याची दर्शनी भिंत लागते. सुबक चौकटींच्या खिडक्या आहेत, पण त्यांतून पलीकडे बघितलं तर आकाश. मागचा वाडा दरीत गेलाय, उरलाय तो फक्त चेहरा. बहुतेक पर्यटक तिथे न थांबता सरळ चौकाकडे जातात. मला विचाराल तर गावाची सगळी हकिगत त्या भिंतीत आहे.

११ जून १६९५ च्या भूकंपाने गावाचं कंबरडं मोडलं. बिशप आणि कारभारी मंडळी समोरच्या, आज ज्याला बान्योरेजो म्हणतात त्या वस्तीत निघून गेली. पुढे एकेक घर रिकामं होत गेलं. याच भागात जन्मलेले लेखक बोनाव्हेंतुरा तेक्की यांनी विसाव्या शतकात याला ‘मरणारं गाव’ म्हटलं. आता हेच नाव पाट्यांवर, माहितीपत्रकांवर, फ्रीजला लावायच्या चुंबकांवर आहे.

आणि गंमत बघा, हेच मरणारं गाव २०१३ पासून प्रवेश फी घेतं. असं करणारं इटलीतलं पहिलं गाव. सुरुवात दीड युरोने झाली, पुढे तीन आणि मग पाच. २०१० च्या आसपास वर्षाला चाळीसेक हजार माणसं यायची, २०१७ पर्यंत तो आकडा आठ लाखांच्या वर गेला. वर बारमाही राहणारे किती? दहा-बारा जण.

माझं म्हणणं एवढंच की कडा बहुधा सांभाळता येईल. पैसाही आला, तंत्रही आहे. पण आपण जे सांभाळतोय ते गाव आहे का, याबद्दल मला दाट शंका आहे. इथे भूगर्भवाले, बांधकामवाले बरेच आहेत. जरा बोला.

---

सायली_म

मस्त लिहिलंय. फोटो हवेतच. ती खिडक्यांची भिंत तरी दाखवा.

---

पायवाट

@सायली_म, टाकतो. सध्या इथे फोटो चढवायला गेलं की पान अडकतंय.

---

खडकफोड्या

माझ्या आवडीचा विषय. जमीन आणि पाया हेच माझं काम, त्यामुळे जरा लांबण लावतो.

वरचा पिवळसर दगड म्हणजे टफ, ज्वालामुखीतून आलेली राख आणि तुकडे घट्ट होऊन बनलेला. बोल्सेना सरोवर आहे तिथे पूर्वी ज्वालामुखींचा मोठा पट्टा होता. माथ्यावरचा टफ तीन लाखांहून जास्त वर्षांपूर्वीच्या उद्रेकातला. त्याच्या खाली राखेचे सैलसर थर आणि सगळ्यांत खाली समुद्राच्या तळाशी साचलेली चिकणमाती, दहा लाख वर्षांहून जुनी. त्या मातीत शंखशिंपले सापडतात.

लोक कड्याचा फोटो काढतात आणि ‘दगड झिजतोय’ म्हणतात. खरा घोळ खालच्या मातीत आहे. टफ भार पेलायला चांगला, पण ठिसूळ, आणि त्यात उभ्या भेगा असतात. पावसाचं पाणी त्या भेगांतून सरळ खाली उतरतं. चिकणमाती पाणी आत घेत नाही, मग ते वरच्या बाजूला साचतं आणि माती मऊ करतं. दुसरीकडे ओढा पायथा कापतोय, त्यामुळे मातीचा उतार हळूहळू घसरतो. उतार घसरला की कड्याच्या पायाखालचा आधार जातो. मग कड्याला समांतर एक भेग रुंदावत जाते आणि एक दिवस अख्खी फळी बाहेरच्या बाजूला कलंडते. फळी पडल्यावर मागच्या दगडावरचा दाब सुटतो आणि तिथे नवी भेग धरते. हे चक्र भूकंपाशिवायही चालूच राहतं. भूकंप झाला तर एकाच रात्रीत शंभर वर्षांचं काम उरकतं.

उन्हाळ्यात माती वाळून तडकते, पहिल्या जोरदार पावसात ती तडकलेली माती वाहून जाते. तुम्ही लिहिलेल्या त्या धारदार कडा अशाच बनतात. त्यांना तिकडे ‘कालांकी’ म्हणतात. झाडोरा तोडला, उतार नांगरले की वेग वाढतो, आणि तेही शतकानुशतकं झालंय.

तेव्हा नुसत्या कड्याला टाचण्या मारून भागत नाही, सुरुवात खालच्या ओढ्यापासून करावी लागते.

---

देवरुखकर

@खडकफोड्या, हे वाचताना आमच्या कोकणातलंच वाचतोय असं वाटलं. वर जांभा, खाली शेडी, म्हणजे मऊ चिकणमाती. जांभ्यातून पाणी झिरपतं, शेडीवर थांबतं, आणि कोणी पायथ्याशी रस्त्यासाठी उभा काप घेतला की पावसाळ्यात शेडी साबणासारखी सुटते आणि वरचा जांभा बसतो. वडीलधारी माणसं पाणंदीची गटारं पावसाच्या आधी साफ करायचीच, त्यात हयगय नाही. हल्ली घाट रुंद होतात, गटारं मात्र तशीच.

---

खडकफोड्या

@देवरुखकर, अगदी. दगड वेगळे, जन्म वेगळा, पण वर कडक-सच्छिद्र आणि खाली मऊ-अडवणारं, ही जोडी तीच. एट्रस्कनांनाही पाणी काढून देण्याचं महत्त्व चांगलं कळत होतं. टफमध्ये बोगदे, टाकी, चर खोदण्यात ते पटाईत. अशी कामं दरवर्षी कोणीतरी बघावी लागतात. गावात माणसंच उरली नाहीत तर चर कोण उपसणार? @पायवाट, तुमच्या शंकेचं एक उत्तर इथे आहे. माणसं जाणं आणि कडा जाणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

---

रोखठोक

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. दहा-बारा माणसं, त्यांना समोरच्या गावात चांगली घरं बांधून द्या. टेकडी पडायची तेव्हा पडेल. निसर्गाने जे तीन लाख वर्षांपूर्वी ठेवलं ते तो उचलून नेतोय. त्यासाठी करोडोंचा खर्च कशाला? आणि ते तिकीट म्हणजे तर कमालच. राहत्या गावात शिरायला पैसे? उद्या आमच्या आळीत शिरायला कोणी पैसे मागितले तर?

---

पायवाट

@रोखठोक, राग कसला. तिकिटाचं म्हणाल तर सुरुवातीला मलाही ते खटकलं होतं. पण पैसा जातो कुठे ते बघा. चिविता हा बान्योरेजो नगरपालिकेचाच भाग, पूर्ण नगरपालिकेची वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास. तिकिटाच्या उत्पन्नामुळे तिथल्या रहिवाशांचे स्थानिक कर काढून टाकता आले, असं तेव्हाचे महापौर फ्रांचेस्को बिजोत्ती जाहीरपणे सांगायचे. आजूबाजूची डोंगरी गावं ओस पडत असताना इथे खाणावळी, राहायच्या खोल्या, बसगाड्या, दुकानं यांतून तरुणांना काम मिळालं. आणि व्हेनिसने २०२४ च्या एप्रिलपासून ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केलीच ना. आधी या चिमुकल्या गावाला हसणारे नंतर तेच करायला लागले.

---

रोखठोक

म्हणजे गाव मरतंय म्हणून लोक येतात, लोक येतात म्हणून पैसा, पैसा आहे म्हणून गाव मरत नाही. मग तिकीट कशाचं घेता?

---

सायली_म

@रोखठोक 😂 +१

---

अनुराधा_जोशी

आम्ही सहकुटुंब जाऊन आलोय, सासूबाई बरोबर होत्या. पूल लांबून दिसतो तेवढा साधा नाही. शेवटचा चढ सासूबाईंना जड गेला, कठड्याला धरून धरून चढल्या. वारा असेल तर डोक्यावरची टोपी विसरा. शिवाय रहिवाशांच्या स्कूटर आणि सामानाच्या छोट्या गाड्या त्याच पुलावरून जातात, हॉर्न वाजला की कडेला व्हायचं. माल पूर्वी गाढवांवरून जायचा म्हणे.

चौक मात्र सुरेख. फरशी नाही, नुसती खडी. समोर सान दोनातो चर्च, दारापुढे जुन्या खांबांचे बुंधे उभे. सासूबाई तिथेच एका बुंध्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “देऊळ बदललं तरी जागा तीच ठेवतात हो ही माणसं.” नंतर पाटीवर वाचलं, तिथे आधी खरंच प्राचीन देऊळ होतं.

एका तळघरात जुना ऑलिव्हचा घाणा आहे. मोठं दगडी जातं, ते पूर्वी गाढव फिरवायचं. तिथे भाजलेल्या पावावर तेल आणि लसूण लावून देतात. आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांची सोय झाली.

गर्दीबद्दल सांगते. दुपारी बारा ते चार जाऊच नका. आम्ही मुक्काम केला होता. संध्याकाळी शेवटची झुंड पूल उतरून गेली आणि गल्लीत नुसत्या मांजरी.

---

विठ्ठलभक्त_पुणे

अनुराधाताई, सासूबाईंचं वाक्य आवडलं.

धर्माच्या अंगाने भर घालतो. मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंतांमधलं मोठं नाव, संत बोनाव्हेंतुरा, यांचं हे गाव. तेराव्या शतकातले, निधन १२७४. फ्रान्सिस्कन पंथाचे प्रमुख झाले, पॅरिसला शिकवलं. त्यांच्या लहानपणीचं घर कड्यावरून केव्हाच खाली गेलंय. ज्या माणसाचा पुतळा बान्योरेजोच्या चौकात आहे, त्याच्या घराची जागा बघायची तर हवेत बघावं लागतं.

सान दोनातोमधल्या लाकडी क्रूसाची प्रथाही ऐका. गुड फ्रायडेला तो मिरवणुकीने पूल ओलांडून बान्योरेजोत नेतात. मध्यरात्रीच्या आत परत चिवितात आणला नाही तर तो कायमचा बान्योरेजोचा झाला, अशी समजूत आहे. बिशप गेला, कारभार गेला, लोक गेले, तरी एवढी एक गोष्ट वरच्या गावाने सोडलेली नाही.

---

पायवाट

@विठ्ठलभक्त_पुणे, हे फार नेमकं आहे. १६९५ नंतरचं भांडण अजून मिटलेलं नाही असंच वाटतं.

---

सईचा_बाबा

तिथून वीसेक किलोमीटरवर ऑर्व्हिएतो आहे, तेही टफच्या कड्यावर आणि खाली चिकणमाती. तिथे काय झालं ते @रोखठोक यांनी बघावं. तिकडच्या कड्याचे तुकडे पडायला लागले तेव्हा इटलीच्या संसदेने १९७८ साली ऑर्व्हिएतो आणि तोदी या दोन गावांसाठी खास कायदा करून पैसा दिला. कडा लोखंडी सळ्यांनी टाचला आणि मुख्य म्हणजे गावातले गळके नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या बदलल्या. कारण पाणी फक्त आकाशातून येत नव्हतं, नळातूनही झिरपत होतं. ते शहर आज धडधाकट आहे.

फरक इतकाच की ऑर्व्हिएतोत भव्य कॅथेड्रल आहे, हजारो माणसं राहतात, मतं आहेत. चिवितात मतं दहा.

---

खडकफोड्या

@सईचा_बाबा, मुद्द्याचं बोललात.

चिवितातही बरंच काम झालंय. मला आवडलेला उपाय म्हणजे कड्याच्या काठामागे खोल विहिरी खणायच्या, पाण्यासाठी नव्हे. विहिरीत उतरून आतून कड्याच्या दिशेने आडव्या पोलादी सळ्या घालायच्या आणि पुढची फळी मागच्या दगडाला बांधून टाकायची. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही, जाळ्या नाहीत, काँक्रीटचे ठिगळ नाहीत. खालच्या बाजूला ओढ्याला छोटे बांध, उतारावर झाडझाडोरा, पाण्याला वाट. खालचं काम कंटाळवाणं, त्यात फोटो काढण्यासारखं काही नाही, त्याला निधी मिळवणं अवघड. सगळीकडचीच रड.

गावातल्या पालाझ्झो अलेमान्नी या जुन्या वाड्यात २०१२ पासून भूगर्भ आणि दरडींचं संग्रहालय आहे. चौकात सेल्फी काढून परत फिरणाऱ्यांनी तिथे अर्धा तास द्यावा. दरडींना वाहिलेलं संग्रहालय मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

---

चिरेबंदी

वास्तुरचनाकार म्हणून एक नाव घ्यायलाच हवं: आस्त्रा झरिना. रीगात जन्मलेल्या, अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवायच्या. १९६० साली वास्तुरचनेतलं रोम प्राइझ (रोममध्ये राहून काम करण्याची अमेरिकन शिष्यवृत्ती) मिळवणारी पहिली स्त्री. साठच्या दशकात, जेव्हा इथे कोणी फिरकत नव्हतं, तेव्हा त्यांनी चिवितात पडकी घरं घेऊन दुरुस्त करायला सुरुवात केली आणि १९७६ पासून विद्यार्थ्यांना इथे आणून डोंगरी गावांचा अभ्यासक्रम चालवला. मुलांनी घरं मोजायची, भिंती वाचायच्या आणि गावातल्या म्हाताऱ्यांकडून शिकायचं. २००८ साली त्या गेल्या.

माझी तक्रार @पायवाट यांच्यासारखीच. झरिनांनी घरं राहण्यासाठी वाचवली. नंतर बहुतेक घरं रोम-मिलानवाल्यांची सुट्टीतली घरं झाली किंवा पाहुण्यांच्या खोल्या. खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या टवटवीत, आतल्या चुलीला राख नाही. भिंत आतून कोणी वापरत असेल तर ओल आलेली लगेच कळते, भेग गेलेली कळते. बंद घराला हे सांगणारं कोणी नसतं.

---

रोखठोक

@चिरेबंदी, @खडकफोड्या, ठीक आहे, एक पाऊल मागे घेतो. टेकडी पडू द्या म्हणणं सोपं होतं. पण मग तिकिटाच्या पैशातून चार कुटुंबांना वर वर्षभर राहायला घरभाडं माफ का करत नाहीत? सळ्या घालण्यापेक्षा स्वस्त पडेल. शाळा खाली आहे, मुलं पुलावरून जातील.

---

अनुराधा_जोशी

@रोखठोक, जानेवारीच्या वाऱ्यात दप्तर घेऊन त्या पुलावरून रोज? तुम्ही पाठवाल नातवंडांना?

---

रोखठोक

ताई, निरुत्तर.

---

नवखा_ट्रेकर

वर्ल्ड हेरिटेज आहे का हे? आणि आपल्या किल्ल्यांनाही असाच धोका आहे का?

---

सईचा_बाबा

२००६ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या वारसा जपणाऱ्या संस्थेने जगातल्या शंभर धोक्यातल्या स्थळांत घेतलं होतं. युनेस्कोच्या वर्ल्ड हेरिटेज यादीसाठी इटलीने २०२१ साली नाव पुढे केलं.

---

खडकफोड्या

@नवखा_ट्रेकर, सह्याद्रीचा बसाल्ट फार कणखर, किल्ल्याचा कातळ चिवितासारखा पायातून सरकत नाही. आपल्याकडे जीव जातात ते कातळावरच्या मुरूम-मातीच्या उतारांवर, मुसळधार पावसात. माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३. तिथे शतकं नाही, मिनिटं मिळतात. त्याची तुलना या गावाशी करू नये. हवं तर त्यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.

---

नवखा_ट्रेकर

धन्यवाद सर. वाचनखूण साठवली. जूनमध्ये इटलीत असेन. काही खास असतं का तेव्हा?

---

पायवाट

@नवखा_ट्रेकर, जूनच्या पहिल्या रविवारी चौकात गाढवांची शर्यत असते, पालिओ देल्ला तोन्ना. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा. खडीच्या त्या चौकात गोल फेऱ्या. गाढवं ऐकतातच असं नाही, तीच मजा. गावकरी, समोरच्या गावचे, कुठेकुठे गेलेले नातेवाईक सगळे येतात. गर्दी पर्यटकांची नसून तिथल्याच माणसांची असलेली बघायची असेल तर तो दिवस चांगला.

जायचं कसं: रोमहून रेल्वेने ऑर्व्हिएतो, तिथून बान्योरेजोची बस. बान्योरेजोच्या थांब्यापासून पुलापर्यंत चालत अर्धा तास धरा. मात्र शर्यत रविवारी आणि रविवारी त्या मार्गावर बस जवळपास नसतेच. शनिवारी पोचून बान्योरेजोत मुक्काम करा, खोली आधी धरा. तिकीट पुलाच्या अलीकडे घ्यावं लागतं.